“रक्त कमी आहे, बाळाला लस देऊ नका” या मेसेजला माझं उत्तर

परवा रात्री धाकट्या बहिणीला सहज फोन केला. तिचा मुलगा नऊ महिन्यांचा झालाय, त्याच आठवड्यात त्यांच्या अंगणवाडीत लसीकरणाचं सत्र होतं, म्हणून विचारलं, गोवराचं इंजेक्शन झालं का गं? तर म्हणाली, “नाही दिलं ताई. त्याचं रक्त आठ पॉइंट चार आलं होतं ना, रक्त कमी असलं की लस द्यायची नसते म्हणे. आईंच्या भजनाच्या ग्रुपवर आलंय, मोठ्या डॉक्टरचं आहे.” आई म्हणजे तिच्या सासूबाई. आशाताई दोनदा घरी येऊन सांगून गेल्या आणि दोन्ही वेळा यांनी तोच मेसेज दाखवून त्यांना परत पाठवलं.

आता ते आठ पॉइंट चार मीच काढलेलं आहे. मी चौदा वर्षं चंद्रपूरला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतेय. बहीण माहेरी आली होती तेव्हा बाळ फिकट वाटलं, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली तर आत पांढुरकं, म्हणून मीच सॅम्पल घेतलं, मीच मशीनला लावलं आणि मीच रिपोर्ट तिच्या हातात देऊन सांगितलं की डॉक्टरांना दाखव, लोहाचं सिरप सुरू होईल. तो कागद पोराला औषध मिळावं म्हणून दिला होता. त्याच कागदावरून त्याची लस थांबली हे ऐकल्यावर मला रात्रभर झोप लागली नाही.

मेसेज मागवून घेतला. तुमच्यापैकी पुष्कळांकडे आला असेल, लाल अक्षरात “सावधान” असं लिहिलेला, मुंबईच्या मोठ्या बालरोगतज्ज्ञांचा सल्ला म्हणून, पण त्या तज्ज्ञाचं नाव कुठेच नाही. थोडक्यात त्यात एवढं आहे: अ‍ॅनिमिया असलेल्या बाळाला लस दिली तर लस अंगातलं उरलंसुरलं रक्त शोषून घेते, म्हणून हिमोग्लोबिन १२ होईपर्यंत एकही लस नको. लसीतलं अ‍ॅल्युमिनियम लोह खातं. सरकारच्याच सर्व्हेत लसीकरण वाढलं तसा अ‍ॅनिमिया वाढला. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांना तर लस अजिबात नको, पेशी फुटतात. परदेशी संशोधनानुसार रक्त कमी असलेल्या मुलांना लस लागूच पडत नाही. आणि शेवटी उपाय, लोहाचं सिरप बंद करा, उष्ण पडतं, तीन महिने बीट-डाळिंब-खजूर द्या, मग बघा.

मी डॉक्टर नाही. पण रोज सकाळी आठपासून हिमोग्लोबिनच बघते, आणि या मेसेजमधला तो १२ चा आकडा ज्याने लिहिलाय त्याने आयुष्यात एकाही तान्ह्या बाळाचा रिपोर्ट बघितलेला नाही हे मी छातीठोकपणे सांगू शकते. म्हणून आधी तिथूनच.

१२ कोणाचा आकडा आहे? मोठ्या बाईचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर अ‍ॅनिमिया म्हणतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलासाठी ती रेघ इतकी वर्षं ११ वर होती, आणि २०२४ मध्ये त्यांनी सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांसाठी ती १०.५ वर आणली, कारण एवढ्या लहान बाळाचं मुळातच कमी असतं. म्हणजे आईचं ब्लाउज मापून बाळाचं झबलं शिवायचं असा हा प्रकार आहे. १०.८ किंवा ११.२ असलेलं अगदी ठणठणीत बाळ या मेसेजप्रमाणे “रक्त कमी” ठरतं.

पण खरी भयंकर गोष्ट याच्या पुढे आहे आणि ती मेसेज पुढे पाठवणाऱ्या एकाही माणसाच्या डोक्यात आली नसणार. पोटात असताना बाळाला ऑक्सिजन कमी मिळतो म्हणून जन्मतं तेव्हा त्याचं हिमोग्लोबिन भरपूर असतं, सोळा-सतरा वगैरे. बाहेर आल्यावर ते स्वतः श्वास घेतं, ऑक्सिजन मुबलक, मग शरीर नवीन लाल पेशी बनवणं काही आठवडे जवळजवळ थांबवतं, जुन्या पेशी मोडत जातात, आणि दोन-अडीच महिन्यांचं होईतो प्रत्येक बाळाचं हिमोग्लोबिन नऊ ते अकराच्या आसपास येऊन टेकतं. प्रत्येक बाळाचं, श्रीमंताच्या, गरिबाच्या, इथल्या, अमेरिकेतल्या. याला आजार म्हणत नाहीत, ते आपोआप परत चढतं. आता सांगा, आपल्याकडे पेंटाव्हॅलंटचे तीन डोस कधी असतात? सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात. म्हणजे नेमकं त्याच वेळी. १२ झाल्याशिवाय लस नको हा नियम पाळला तर जगातल्या जवळजवळ कुठल्याच बाळाला पेंटा मिळणार नाही, आणि पेंटात डांग्या खोकला आहे, घटसर्प आहे, धनुर्वात आहे, कावीळ बी आहे, हिब म्हणजे मेंदूज्वर-न्यूमोनिया करणारा जंतू आहे. डांग्या खोकला सगळ्यात जास्त जीव घेतो तो याच पहिल्या काही महिन्यांतल्या पोरांचा, खोकून खोकून निळी पडतात, श्वास थांबतो. ज्या वयात वाचवायचं त्याच वयात “थांबा” म्हणणारा हा सल्ला आहे.

बरं, थांबून काय होणार? बहिणीच्या बाळाचं ते सत्र चुकलं त्यात एक लस नाही चुकली. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाचा पहिला डोस असतो, न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धच्या लसीचा (न्यूमोकोकलचा) बूस्टर असतो, २०२३ पासून पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा डोस असतो आणि चमच्याने अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस पाजतात, एक लाख युनिटचा. एका फॉरवर्डने एका दिवसात चार गोष्टी गेल्या. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीकडे गोवराची साथ आली, भिवंडी आणि मालेगावातही पसरली, मुलं दगावली, त्या बातम्या आठवत असतील. गोवर झालेलं मूल ज्या खोलीत खोकून गेलं त्या खोलीत तासाभराने गेलेल्या लस न घेतलेल्या मुलालाही तो होतो. अशक्त आणि कुपोषित पोरांनाच तो जास्त मारतो. आपलं रक्त कमी असलेलं पोर त्यात पहिल्या रांगेत उभं आहे.

“लस रक्त शोषून घेते” याबद्दल मी खरं तर काही लिहिणारच नव्हते, पण सासूबाईंना नेमकं तेच पटलं होतं म्हणून लिहिते. इंजेक्शनमध्ये अर्धा मिली द्रव असतो. बाळाच्या अंगात किलोमागे साधारण ऐंशी मिली रक्त असतं, सात किलोचं बाळ असेल तर अर्ध्या लिटरच्या थोडं वर. लसीने बाळ अँटीबॉडी, म्हणजे जंतूंशी लढणारे पदार्थ बनवतं, त्या प्रोटीनच्या असतात, त्यात लोह नसतं, आणि त्या बनवणाऱ्या पेशी वेगळ्या, लाल पेशी बनतात हाडाच्या मगजात, लोह, फॉलिक अ‍ॅसिड, बी-१२ वापरून. एकाने दुसऱ्याच्या ताटातलं खाण्याचा संबंधच नाही. उलट रक्त तपासायला मी बाळाकडून जेवढं घेते, जांभळ्या झाकणाच्या छोट्या ट्यूबमध्ये, ते लसीच्या थेंबापेक्षा जास्त असतं, त्याला कोणी नाही म्हणत नाही.

आता जे खरं आहे ते सांगते, कारण लपवलं तर उद्या कोणीतरी तेच काढून माझ्या तोंडावर मारेल. गोवराची लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते, ती अंगात एक अगदी बारीक इन्फेक्शनच घडवते. चिलीतल्या डॉक्टरांनी १९८९ मध्ये एक पेपर छापला, त्यात वर्षाच्या आसपासच्या बाळांना ही लस देऊन नंतर रक्त तपासलं होतं, आणि हिमोग्लोबिन थोडं, तात्पुरतं खाली गेलेलं दिसलं. कुठलाही साधा व्हायरल ताप आला तरी हेच होतं, शरीर तापात लोह कुलूप लावून ठेवतं. त्या डॉक्टरांनी लस वापरली ती सौम्य व्हायरल आजाराचा नमुना म्हणूनच. दुबळ्या विषाणूने एवढं होतं तर खऱ्या गोवराने, जुलाब, न्यूमोनिया, आठ-दहा दिवस अन्न बंद, त्याने काय होत असेल याचा हिशोब मेसेजवाल्याने केलेला नाही. दुसरं, एमएमआर म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एकत्र लसीनंतर तीस-चाळीस हजार डोसांमागे एखाद्या मुलाच्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, काही दिवस कमी होतात, हेही खरं. त्या प्लेटलेट्स, हिमोग्लोबिन नव्हे, बहुतेकांच्या आपोआप भरून येतात, आणि खऱ्या गोवर-रुबेलाच्या आजारात हे लसीपेक्षा जास्त वेळा होतं.

आणि तिसरं एक आहे, मला वाटतं ही अफवा बहुतेक तिथूनच जन्माला आली असावी. ज्या मुलाला रक्त चढवलंय त्याची गोवराची लस डॉक्टर काही महिने पुढे ढकलतात. सारखं रक्त चढवावं लागतं त्या थॅलेसेमियाच्या मुलांचे आईवडील हे जाणतात. पण ते रक्त कमी म्हणून नाही. चढवलेल्या रक्तात दुसऱ्या माणसाच्या गोवराविरुद्धच्या अँटीबॉडी येतात, त्या लसीतला विषाणू आधीच मारून टाकतात आणि लस वाया जाते, एवढंच कारण. पेंटा, न्यूमोकोकल, पोलिओचं इंजेक्शन, हे त्याही मुलांना थांबवत नाहीत. कोणीतरी वॉर्डात अर्धं ऐकलं, “याचं रक्त कमी होतं म्हणून लस नाही दिली”, आणि ते फिरत फिरत सगळ्यांच्या फोनवर आलं.

सर्व्हेचा मुद्दा. आकडे बरोबर आहेत, मी पडताळले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत देशात १२ ते २३ महिन्यांची ६२ टक्के मुलं पूर्ण लसीकरण झालेली होती, २०१९-२१ मध्ये ७६.४. आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांतला अ‍ॅनिमिया ५८.६ वरून ६७.१ वर गेला. आपल्या महाराष्ट्रात तर ५३.८ वरून ६८.९. वाईटच आहे, लाज वाटावी असं आहे. पण त्याच सर्व्हेत त्याच पानावर बायकांचंही आहे, ५३.१ वरून ५७, आणि पुरुषांचंही, २२.७ वरून २५. लसीकरणाचा जो आकडा वाढला तो एक ते दोन वर्षांच्या मुलांचा, मग पन्नाशीच्या आतल्या बापांचं रक्त कोणी कमी केलं? त्याच चार-पाच वर्षांत घरोघरी स्मार्टफोनही आले, तेही वाढले, त्यांच्यावर का नाही टाकत?

आणि इथे मला माझ्या कामातलं थोडं सांगायचंय. हा सर्व्हे बोटाला टोचून थेंबावर करतात, घरोघरी जाऊन दुसरं जमण्यासारखं नसतं. पण बोटाचा थेंब घ्यायला शिकावं लागतं. पहिला थेंब पुसून टाकायचा, बोट गरम हवं, आणि पिळायचं नाही. लहान पोर हात ओढतं, रडतं, थेंब येत नाही, मग पिळलं जातं, पिळलं की रक्ताबरोबर मांसातलं पाणी येतं आणि आकडा खाली दिसतो. मी शिकत होते तेव्हा माझ्या सरांनी एकाच मुलाचा पिळून आणि न पिळून काढलेला आकडा शेजारी शेजारी ठेवून दाखवला होता, ते मी विसरलेले नाही. २०१६-१८ मध्ये लहान मुलांच्या पोषणाचा दुसरा मोठा राष्ट्रीय सर्व्हे झाला, त्यात शिरेतून रक्त घेतलं होतं, आणि त्यात एक ते चार वर्षांच्या मुलांतला अ‍ॅनिमिया निघाला सुमारे ४१ टक्के. हा आकडाही काही कमी नाही, दहातली चार पोरं. पण ५८ चे ६७ झाले यावर लसीला फाशी द्यायच्या आधी मोजलं कसं ते तरी बघा.

लस नव्हती तेव्हा काय सगळे लालबुंद होते का? ल्युसी विल्स नावाची इंग्लंडची डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आली, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमधून काम करायची, गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा अ‍ॅनिमिया शोधायला. बाळंतपणात बाया मरत होत्या. त्यांचं खाणं तपासत तपासत तिने यीस्टचा अर्क देऊन बघितला आणि रक्त भरून आलं, १९३१ मध्ये छापलं. त्यात जे होतं त्याला आपण पुढे फॉलिक अ‍ॅसिड म्हणायला लागलो. तान्ह्या बाळांचा आजचा लसीकरण कार्यक्रम तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हता, आणि कारण तेव्हाही ताटात होतं, आजही ताटात आहे. आईचंच रक्त कमी, त्यामुळे बाळ जन्मतानाच लोहाची शिदोरी कमी घेऊन येतं, ती सहा महिन्यांत संपते, आणि नेमकं तेव्हा वरचं खाणं सुरू करायचं तर आपण दुधाची बाटली देतो, पातळ वरणाचं पाणी देतो, चहात बुडवलेलं बिस्किट देतो. चहा तर लोह अंगी लागूच देत नाही. २०१९-२१ च्या त्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे देशात सहा ते तेवीस महिन्यांच्या शंभर मुलांमधल्या जेमतेम अकरांना पुरेसं खायला मिळतं. हे फॉरवर्ड करा ना कोणीतरी.

अ‍ॅल्युमिनियमवर जास्त लिहीत नाही. डायलिसिसच्या पाण्यातून वर्षानुवर्षं अ‍ॅल्युमिनियम अंगात गेल्यामुळे किडनीच्या पेशंटना अ‍ॅनिमिया व्हायचा, हे पूर्वी खरंच घडलंय, त्यावरून कोणीतरी ही पुडी सोडली असणार. लसीत ते मिलिग्रॅमहून कमी असतं, बाळाची किडनी ते बाहेर टाकते, आणि गोवर-रुबेलाच्या लसीत, जी माझ्या भाच्याची चुकवली, तिच्यात अ‍ॅल्युमिनियम नसतंच.

सिकलसेलबद्दल मात्र शांतपणे लिहिणं मला जमत नाहीये. ही आमच्या भागातली गोष्ट आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, तिकडे मेळघाट, नंदुरबार. १९५८ मध्येच नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतात हा आजार असल्याचं लिहून ठेवलंय. आमच्याकडे आठवड्याला सिकलसेल ओळखायच्या कितीतरी सोल्युबिलिटी टेस्ट होतात, ट्यूबच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा, रेघा दिसल्या तर बरं, पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पुढची तपासणी. त्या रेघा नाहीशा होताना बघणाऱ्या आईचा चेहरा मी शेकडो वेळा बघितलाय. आणि अशा आईला कोणीतरी सांगतो की लस देऊ नको.

या मुलांचं होतं काय ते समजून घ्या. कोयत्याच्या आकाराच्या पेशी पोटात डावीकडे असणाऱ्या प्लीहेत अडकतात, आणि पहिल्या काही वर्षांतच प्लीहा निकामी व्हायला लागते. न्यूमोकोकससारखे जंतू रक्तातून गाळून काढायचं काम ही प्लीहा करत असते. ती गेली की साध्या तापाने सुरू झालेलं मूल एका रात्रीत जातं. संध्याकाळी ताप, पहाटे नाही. म्हणून सिकलसेलच्या मुलाला लस इतरांपेक्षा जास्त लागते, एकही डोस चुकवून चालत नाही, वर डॉक्टर पेनिसिलीनही सुरू ठेवतात. अमेरिकेत टेनेसी राज्यात न्यूमोकोकलची लस आल्यावर पाच वर्षांखालच्या सिकलसेलच्या मुलांमधली या जंतूची गंभीर इन्फेक्शन्स ९० टक्क्यांहून जास्त कमी झाली. ही लस आपल्याकडे पूर्वी बाहेर विकत घ्यावी लागायची, एका डोसला हजारो रुपये, २०२१ पासून ती देशभर सरकारी कार्यक्रमात फुकट मिळते, सहाव्या आठवड्यात, चौदाव्या आठवड्यात आणि नऊ महिन्यांनी. लसीने पेशी फुटत नाहीत. हा आजार असलेल्या मुलांची पेशी वाकडी होते ती ऑक्सिजन कमी पडल्यावर, पाणी कमी पडल्यावर, ताप-इन्फेक्शन आल्यावर. इन्फेक्शन टाळणारी वस्तूच काढून घ्यायची आणि वर काळजीने सांगतोय म्हणायचं, हा मुद्दा ज्याने लिहिला त्याने कोणाच्या तरी घरातलं पोर धोक्यात घातलंय. आणि ज्यांचं पोर नुसतं वाहक आहे, एएस, त्यांना तर यात कसली शंकाच नको, सगळ्या लसी नेहमीसारख्या.

राहिलं ते “परदेशी संशोधन”. मेसेजमध्ये नाव नाही पण कुठलं ते मला सापडलं, आणि ते खरं आहे. अर्धं खरं असलेलं हेच माणसाला जास्त फसवतं म्हणून नीट सांगते. केनियाच्या दक्षिण किनाऱ्यावर झुरिकच्या संशोधकांनी तिथल्या डॉक्टरांबरोबर बाळांवर काम केलं, २०२० मध्ये छापलं. ३०३ बाळं जन्मापासून दीड वर्षांपर्यंत बघितली. लस देताना ज्यांचं हिमोग्लोबिन कमी होतं त्यांच्या अंगात घटसर्प, डांग्या खोकला आणि न्यूमोकोकसविरुद्धच्या अँटीबॉडी कमी तयार झाल्या. मेसेजवाला इथे थांबलाय. कमी तयार झाल्या याचं त्याने “लागूच पडत नाही” केलं, आणि त्यावरून “देऊ नका” केलं.

पेपर तिथे थांबत नाही. त्याच लोकांनी दुसरा प्रयोग बघितला. साडेसात महिन्यांच्या बाळांना चार महिने खाण्यात मिसळायची पूड दिली, काहींच्या पुडीत रोज ५ मिलिग्रॅम लोह, काहींच्या पुडीत लोह नाही. गोवराची लस दोघांनाही नऊ महिन्यांनी दिली. साडेअकरा महिन्यांनी रक्त तपासलं तर लोह मिळालेल्या बाळांत गोवराच्या अँटीबॉडी जास्त होत्या, आणि विषाणूला जास्त घट्ट धरणाऱ्या होत्या. प्रयोग छोटा आहे, सव्वाशेच्या आसपास बाळं, हे मान्य. पण त्या लोकांनी निष्कर्ष काय लिहिलाय? लहान वयातच लोहाची कमतरता भरून काढली तर लस जास्त चांगली काम करू शकते. कोणाचीही लस थांबवा असं त्यात एक अक्षर नाही, एकाही बाळाची त्यांनी थांबवली नाही. आणि अँटीबॉडी कमी बनतात हे खरं असेल तर अशा बाळाचा एकही डोस चुकवायला नको, हे तर शाळेतल्या पोरालाही कळेल.

म्हणजे ज्या संशोधनात लिहिलंय की लस द्या आणि सोबत लोह द्या, त्याचा आधार घेऊन हा मेसेज सांगतो लस बंद आणि लोहाचं सिरपही बंद. दोन्ही हातांनी काढून घेतलं पोराचं.

आणि बदल्यात काय, तर बीट. बीट लाल असतं ते त्याच्या स्वतःच्या रंगाने, त्याचा रक्ताशी संबंध नाही. शंभर ग्रॅम बीटात एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं, डाळिंबात त्याहून कमी. आशाताई देतात त्या सिरपच्या एका मिलीत २० मिलिग्रॅम असतं. नऊ महिन्यांचं पोर दिवसाला किती बीट खाणार? खायला घाला, गोड लागतं, पण औषध म्हणून त्याच्यावर तीन महिने काढू नका. सरकारच्या अ‍ॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमाच्या नियमाप्रमाणे सहा महिने ते पाच वर्षांच्या सगळ्याच मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली सिरप द्यायचं असतं, आणि अ‍ॅनिमिया निघाला तर सहा ते बारा महिन्यांच्या बाळाला रोज १ मिली, दोन महिने, मग परत तपासणी. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोह सुरू करू नका, तिथे गणित वेगळं असतं.

हे सगळं मी बहिणीला फोनवर सांगितलं, मग म्हटलं फोन आईंकडे दे. सासूबाई वाईट बाई नाहीत, नातवावर जीव आहे म्हणूनच तो मेसेज त्यांनी मनावर घेतला. त्या म्हणाल्या, “तं मग इतक्या लोकाईनं पाठवलं ते काय खोटंच हाये का?” मी म्हटलं, हो आई, खोटं आहे, आणि ते आठ पॉइंट चार मीच काढलंय, मला विचारायचं होतं ना. थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग विचारलं, आता वेळ गेली का त्याची? नाही गेली. गोवर-रुबेलाचा पहिला डोस चुकला तर पाच वर्षांपर्यंत कधीही देतात, पण पाच वर्षं वाट बघायची नसते, पुढचं जे सत्र असेल त्याला जायचं. उजव्या दंडाला देतात, नंतर सातव्या ते बाराव्या दिवशी थोडा ताप, बारीक पुरळ येऊ शकतं, ते दोन दिवसांत जातं. तेव्हा घाईने रक्त तपासायला आणू नका, ताप जाऊ द्या.

आज दुपारी बहिणीने कार्डाचा फोटो पाठवला, नऊ महिन्यांच्या रकान्यात नर्सबाईंच्या निळ्या पेनाने तारीख पडलीय, बाजूला सिरपची बाटली. खाली तिने विचारलंय, ताई, शी काळी झालीय त्याची, बंद करू का? नको गं. लोह सुरू केलं की शी काळीच होते. रोज १ मिली, दूध पाजल्यावर लगेच नको, थोड्या वेळाने दे, लिंबाचा थेंब चालेल. दोन महिन्यांनी घेऊन ये, मीच बघते परत.